अद्भुताचा जमाखर्च

अदृश्य झालेल्या माणसापुढे पहिली अडचण कोणती उभी राहते? हा प्रश्न चारचौघांत टाकला, तर बहुतेक जण अडचणीऐवजी सोयीच मोजू लागतात. बिनतिकिटाचा प्रवास, शत्रूच्या मसलतीत चोरून बसणे, सावकाराच्या तिजोरीत हात घालणे, असा मनोराज्याचा पसारा वाढत जातो. एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने १८९७ साली ‘द इन्व्हिजिबल मॅन’ लिहिली, तेव्हा त्याने या प्रश्नाचे अगदी निराळे उत्तर दिले. अदृश्य माणसाला थंडी वाजते. ग्रिफिन नावाच्या त्या संशोधकाचे शरीर तेवढे अदृश्य झालेले आहे, कपडे झालेले नाहीत. तेव्हा कोणाच्या दृष्टीस पडावयाचे नसेल, तर ऐन जानेवारीत लंडनच्या रस्त्यांवरून त्याला उघड्या अंगाने, अनवाणी हिंडावे लागते. लोकांना तो दिसत नाही, म्हणून लोक त्याच्यावर येऊन आदळतात. चिखलाने माखलेल्या पावलांचे ठसे उमटतात आणि रस्त्यावरची पोरे त्या ठशांच्या मागे लागतात. माणसांना नसली तरी कुत्र्यांना त्याची चाहूल लागते. खाल्लेले अन्न अंगी लागेपर्यंत पोटात तसेच दिसत राहते. पाऊस आला की अंगाची बाह्यरेषा चमकणार आणि बर्फ पडले की ते खांद्यांवर साचणार. अखेर हा गृहस्थ नाटकी पोशाखांच्या एका दुकानात शिरतो आणि खोटे नाक, गडद चष्मा, दाढीमिशा असा ऐवज चोरतो. दिसेनासे होण्यासाठी ज्याने वर्षे वेचली, त्याला चारचौघांसारखे दिसण्यासाठी चोरी करावी लागते.

या कादंबरीला सव्वाशे वर्षे उलटून गेली. तिच्यातील शास्त्र आज कोणी प्रमाण मानीत नाही. डोळ्यातील पडदाच पारदर्शक झाला तर त्यावर प्रतिमा उमटणार कशी, आणि मग अदृश्य माणूस आंधळाच असावयास नको काय, हा आक्षेप याकोव्ह पेरेलमान या रशियन विज्ञानलेखकाने केव्हाच नोंदवून ठेवला आहे. आक्षेप बिनतोड आहे. तरीही कादंबरी वाचली जाते. कारण वेल्सने चमत्काराच्या हिशेबाची वही दोन्ही बाजूंनी लिहिली. जमेच्या बाजूला त्याने एकच रक्कम मांडली आणि पुढची सारी पाने खर्चाने भरून काढली. विज्ञानकथा अथवा अद्भुतकथा लिहू पाहणाऱ्या होतकरू लेखकाची बहुधा चूक होते ती येथेच. त्याची प्रतिभा जमेच्या बाजूवरच थकून जाते. पहिल्या पानावर अग्निबाण, दुसऱ्यावर यंत्रमानव, तिसऱ्यावर मनातले विचार वाचणारी यंत्रे आणि चौथ्यावर परग्रहवासीयांचे आगमन! वाचक पहिल्या चमत्काराला दाद देतो, दुसऱ्याला मान डोलवतो आणि तिसऱ्याला जांभई देतो.

वेल्सने आपल्या शास्त्रीय अद्भुतकथांच्या संग्रहाला १९३३ साली जी प्रस्तावना लिहिली, तिच्यात या धंद्याची गुरुकिल्ली त्याने उघडपणे सांगून टाकली आहे. त्याचा आशय असा, की लेखकाने वाचकाकडून एकच अशक्य गोष्ट मान्य करून घ्यावी आणि एकदा ती मान्य झाली, की बाकी सर्व काही माणसांच्या नेहमीच्या जगातले, घरगुती ठेवावे. कारण ज्या जगात काहीही घडू शकते, तेथे कशाचीच उत्कंठा उरत नाही. ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त याच दिशेने बोट दाखविले होते. शक्य असूनही न पटणाऱ्या घटनेपेक्षा अशक्य असूनही पटणारी घटना कवीने पत्करावी, असे त्याचे म्हणणे. आपल्याकडे अकराव्या शतकातील काश्मीरने तर दोन्ही गोष्टी जवळजवळ एकाच वेळी दिल्या. सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’ तेथला. आणि काव्याचा प्राण औचित्यात आहे असे प्रतिपादन करणारा क्षेमेंद्रही तेथलाच. कथेच्या सागरात वेताळ, विद्याधर, उडते रथ यांची गर्दी आहे आणि शेजारीच बसलेला एक पंडित प्रत्येक गोष्ट आपल्या जागी शोभते की नाही हे तपासून पाहत आहे. अद्भुतकथेच्या लेखकाला हे दोघेही आपल्याच डोक्यात नांदवावे लागतात.

वेल्सचा हा ‘घरगुती’ शब्द सोपा वाटतो. पण तो फार मेहनतीचा आहे. वॉकिंग या गावी राहत असताना वेल्स सायकलवरून आसपासचा मुलूख पालथा घालीत असे आणि मंगळावरून येणारी यंत्रे कोणती घरे, कोणत्या वस्त्या उद्ध्वस्त करतील याची मनाशी नोंद करीत असे. ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ १८९८ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा मंगळ कोणी पाहिलेला नव्हता, पण त्या रस्त्यांवरून हजारो लोक रोज ये-जा करीत होते. मराठी लेखकाने हाच मार्ग धरला तर त्याचा अदृश्य माणूस लंडनमध्ये हिंडणार नाही. तो गिरगावातल्या एखाद्या चाळीत राहील. सकाळी नळावरच्या रांगेत त्याची बादली आपोआप पुढे सरकेल आणि त्यावरून भांडण पेटेल. सामाईक गॅलरीत झोपलेल्यांच्या अंगावर त्याचा पाय पडेल. श्रावणातल्या सरींत त्याला घराबाहेर पडता येणार नाही. मुंबईच्या पावसाळ्यात चार महिने घरात कोंडून पडलेला अदृश्य माणूस हा एकटाच एका कथेला पुरेल एवढा विषय आहे. ही कथा सुचण्यासाठी पदार्थविज्ञानाची पदवी लागत नाही. चाळीत राहिलेला माणूस लागतो.

अद्भुतामागे नियम हवा आणि नियमाला किंमत हवी, हे तत्त्व काही पश्चिमेकडून आयात करावे लागत नाही. पुराणांतील वरदानांच्या कथा म्हणजे या तत्त्वाची शाळाच आहे. हिरण्यकशिपूने आपल्या अमरत्वाचा मसुदा किती काळजीपूर्वक तयार केला होता! माणसाकडून नाही, पशूकडून नाही, दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, जमिनीवर नाही, आकाशात नाही, शस्त्राने नाही. नियमांचे मसुदे करण्यात ज्यांचा जन्म गेला, अशा माणसांना हा प्रकार वाचून मौज वाटल्यावाचून राहत नाही. कारण अपवादांची यादी जितकी लांब, तितकी तिच्यातली फट नेमकी, हा त्यांचा रोजचाच अनुभव असतो. नरसिंह, संध्याकाळ, उंबरठा, मांडी आणि नखे. फट सापडली आणि कथा पूर्ण झाली. देवाने वर मोडला नाही. तो मोडला असता तर ती कथा राहिलीच नसती, निव्वळ बळजबरी झाली असती.

कर्णाच्या शक्तीची कथा याहूनही बोधप्रद. इंद्राने कवचकुंडले मागून घेतली आणि मोबदल्यात अमोघ शक्ती दिली; पण ती एकदाच वापरता येणार. ही ‘एकदाच’ची अट काढून टाका, की महाभारताच्या युद्धातील एक विलक्षण रात्र नाहीशी होते. अर्जुनासाठी जपून ठेवलेले ते अस्त्र कर्णाला घटोत्कचावर सोडावे लागते, कारण त्या रात्री कौरवसेनाच उरत नाही अशी वेळ आलेली असते. भीमाचा मुलगा पडतो, पांडव शोक करतात आणि श्रीकृष्णाला मात्र आनंद होतो. एका लहानशा अटीतून केवढा प्रसंग उभा राहिला! अमर्याद सामर्थ्याच्या अस्त्रातून असा प्रसंग कधीच निघाला नसता.

आयझॅक ॲसिमोव्ह या अमेरिकन लेखकाने १९४२ साली ‘रनअराउंड’ या कथेत यंत्रमानवाचे तीन नियम मांडले, तेव्हा त्याने अजाणता हीच वाट चोखाळली. यंत्रमानवाने माणसाला इजा करू नये, माणसाची आज्ञा पाळावी आणि स्वतःचे रक्षण करावे. यांत पहिल्याचा मान दुसऱ्याहून मोठा आणि दुसऱ्याचा तिसऱ्याहून. वाचताना वाटते, झाले, आता यंत्रमानवाची कटकट मिटली. पण त्या कथेत बुध ग्रहावर सेलेनियम आणावयास धाडलेला यंत्रमानव परत येत नाही. आज्ञा सहज म्हणून दिलेली, म्हणून तिचा जोर कमी. धोका मोठा आणि यंत्र किमती, म्हणून आत्मरक्षणाचा जोर वाढवून ठेवलेला. दोन्ही जोर जेथे सारखे होतात, त्या अंतरावर तो बिचारा सेलेनियमच्या डबक्याभोवती वेड्यासारखा फेऱ्या मारीत राहतो. दोन परिपत्रकांच्या कात्रीत सापडलेला कारकून ज्याने पाहिला आहे, त्याला त्या यंत्रमानवाची दया आल्यावाचून राहणार नाही. ॲसिमोव्हने पुढे कितीतरी कथा या तीन नियमांतून काढल्या. नियम बदलून नव्हे, तर ते अधिकाधिक बारकाईने वाचून.

नियम पुढे नेण्याचे धैर्य किती असावे, याचा एक अपूर्व नमुना विष्णुपुराणात आहे. रेवत राजाचा वंशज ककुद्मी आपली मुलगी रेवती हिला घेऊन वर विचारण्यासाठी ब्रह्मलोकी गेला. तेथे गायन चालू होते, म्हणून थोडा वेळ थांबला. गाणे संपल्यावर त्याने आपल्या मनातील वरांची नावे सांगितली, तेव्हा ब्रह्मदेव हसला. कारण मधल्या काळात पृथ्वीवर कित्येक युगे लोटून गेली होती आणि त्या वरांची नातवंडेपतवंडेही उरली नव्हती. एवढ्यावर सामान्य कथाकार थांबला असता. पुराणकार थांबत नाही. युगागणिक माणसे खुजी होत जातात हे त्याच्या जगातले गृहीतक आहे. तेव्हा जुन्या युगातली रेवती नव्या युगातल्या बलरामापेक्षा अवाढव्य उंच असणार, हे त्याला दिसते. मग बलराम आपल्या नांगराच्या टोकाने तिला खाली ओढून आपल्या बेताची करतो आणि लग्न लागते. किती घरगुती विचार! युगांची उलथापालथ सांगत असताना वधूवरांच्या उंचीचा प्रश्न ज्याला सुचला, तो अस्सल कथाकार.

येथे एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगितली पाहिजे. कारण या ठिकाणी आपल्याकडे फार मोठी गल्लत होते. वेगाने अथवा प्रचंड गुरुत्वाकर्षणाने काळाची गती मंदावते, असे आईन्स्टाईनच्या सापेक्षतावादाने विसाव्या शतकात दाखवून दिले आणि ते प्रयोगांनी तपासले गेले. रेवतीची कथा वाचून पुराणकारांना सापेक्षतावाद ठाऊक होता असे जो म्हणतो, तो पुराणाचाही अपमान करतो आणि विज्ञानाचाही. ब्रह्मलोकातला काळ मंद आहे, कारण ब्रह्मलोक थोर आहे. किती मंद, हे कोणी मोजून काढू शकत नाही. कृष्णविवराजवळचा काळ किती मंद, हे गणिताने सांगता येते आणि ते उत्तर चुकीचे ठरण्याची शक्यताही उघडी असते. पुष्पक विमान ही एक देखणी कल्पना आहे. तिचा आराखडा मागू लागले की कल्पनाही जाते आणि आराखडाही मिळत नाही. विज्ञानकथाकाराने ही सीमारेषा जपली नाही, तर त्याच्या कथेचा दावा होतो आणि भोळ्या वाचकाची फसवणूक होते. कथेत खोटे बोलण्याची लेखकाला जी मोकळीक आहे, ती वाचकाला ते खोटे आहे हे ठाऊक असते म्हणूनच आहे.

मग कथेतले विज्ञान किती बिनचूक असावे? जूल व्हर्नचे उदाहरण घ्यावे. १८६५ साली त्याने फ्लॉरिडातून तोफेने चंद्राकडे गोळा सोडला आणि गोळ्यात तीन माणसे बसविली. तोफेची लांबी नऊशे फूट, गोळ्याचा वेग सेकंदाला बारा हजार यार्ड, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर. वेगाचा आकडा उत्तम. पृथ्वीच्या पकडीतून सुटण्यास तेवढाच लागतो. परंतु नऊशे फुटांत तो वेग गाठावयाचा, तर गोळ्याला मिळणारा रेटा गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे बावीस हजार पट येतो. साठ किलो वजनाच्या प्रवाशाचा भार त्या क्षणी तेराशे टनांच्या घरात जाईल. व्हर्नने धक्का शोषून घेण्यासाठी खाली पाण्याचा थर ठेवला आहे. पण त्या पाण्याचा उपयोग प्रवाशांचे अवशेष धुऊन काढण्यापलीकडे झाला नसता. पुढे त्याने दुसरीही चूक केली. पृथ्वी आणि चंद्र यांची ओढ जेथे सारखी होते, तेवढ्याच ठिकाणी प्रवाशांना वजनरहित केले. वस्तुतः मुक्तपणे धावणाऱ्या यानात ती अवस्था प्रवासभर असते. शंभर वर्षांनंतर, १९६९ साली, माणसे खरोखरच फ्लॉरिडातून निघाली आणि चंद्रावर उतरली, ती तोफेतून नव्हे तर अग्निबाणातून.

व्हर्न चुकला म्हणून त्याची कादंबरी मेली नाही. आणि तरीही, म्हणून चुकले तरी चालते, असा अर्थ नवोदिताने काढू नये. व्हर्नने त्याच्या काळात हाताशी असलेले आकडे घेऊन बेरीज-वजाबाकी केली होती, ओतकाम आणि दारूगोळा यांचा विचार केला होता. वाचकाला त्याची मेहनत दिसते. आजच्या लेखकाने मंगळावर वारा सुटलेला दाखवून त्यात माणसे उडवून दिली, तर मंगळाचे वातावरण पृथ्वीच्या तुलनेने शंभराव्या हिश्श्याहूनही विरळ आहे हे शाळकरी मुलगाही त्याला सांगेल. आणि ही चूक धाडसाची नसून आळसाची ठरेल. ज्या आधारावर कथा उभी आहे, तो खांब तरी ठोकून पाहावा. वेलबुट्टीत थोडे इकडेतिकडे झाले तर वाचक क्षमा करतो.

उलट, यंत्राचे वर्णन जितके जास्त तितकी कथा शास्त्रीय, ही समजूतही सोडून द्यावी. ‘फ्रँकेन्स्टाईन’ १८१८ साली प्रसिद्ध झाली. ती लिहावयास घेतली तेव्हा मेरी शेली अठरा वर्षांची होती. मृत अवयव जोडून जीव निर्माण करण्याची सारी कृती तिने इतक्या थोड्या ओळींत उरकली आहे, की कोणाला ती वाचून प्रयोग करता येऊ नये. तिचे लक्ष पुढे आहे. डोळे उघडणाऱ्या त्या प्राण्याला पाहून त्याचा निर्माता पळून जातो. बापाने टाकलेल्या मुलाची ती कथा आहे. विजेच्या शास्त्राची नव्हे.

मराठी विज्ञानकथेला मात्र व्याख्यानाचा मोह फार. याला कारण आहे. विज्ञानकथेने समाजात विज्ञानाचा प्रसार करावा, ही अपेक्षा आपल्याकडे तिच्या जन्मापासून चिकटली. हेतू चांगला, पण त्यामुळे कितीतरी कथांत चष्मा लावलेले एक प्राध्यापक येतात, त्यांच्यासमोर एक होतकरू पुतण्या बसतो आणि चहाचा पेला थंड होईपर्यंत अणूची रचना समजावून दिली जाते. पुतण्या ‘अस्से होय!’ म्हणतो. वाचक पान उलटतो. पात्राला ज्या क्षणी ज्या माहितीची निकड आहे, त्या क्षणी तेवढीच माहिती कथेत यावी. बुडणाऱ्याला पाण्याची घनता सांगू नये. त्याच्या हाताला लाकूड लागावे आणि ते तरंगावे.

याबाबतीत जगदीशचंद्र बोस यांची एक जुनी बंगाली कथा अभ्यासण्यासारखी आहे. केसांच्या ‘कुंतलीन’ तेलाचे कारखानदार हेमेंद्रमोहन बोस यांनी कथास्पर्धा लावली होती आणि कथेत त्या तेलाचा उल्लेख यावा अशी अट होती. जगदीशचंद्रांनी १८९६ साली ‘निरुद्देशेर काहिनी’ लिहून पहिले पारितोषिक मिळविले. कलकत्त्यावर चाल करून येणारे चक्रीवादळ अकस्मात नाहीसे होते आणि थोर थोर शास्त्रज्ञ त्याचे कारण शोधताना हैराण होतात. खरे कारण एवढेच, की जहाजावरील एका टक्कल पडू लागलेल्या प्रवाशाने डोक्याला लावण्याच्या तेलाची बाटली खवळलेल्या समुद्रात फेकलेली असते. तेलाचा पातळ थर पाण्यावर पसरला की लाटा शमतात, हे निरीक्षण जुनेच. जगदीशचंद्रांनी ते एका बाटलीच्या जोरावर वादळाएवढे ताणले आणि हसतहसत ताणले. जाहिरातीच्या अटीतून अशी कथा निघू शकते, तर संपादकाने घातलेल्या शब्दमर्यादेबद्दल कुरकुर करणाऱ्या लेखकांनी थोडा विचार करावयास हरकत नाही.

भाषेविषयी थोडे सांगितले पाहिजे. पारिभाषिक शब्द घडवावा की इंग्रजी तसाच घ्यावा, यावर आपल्याकडे वाद पुष्कळ झाले. कथेपुरते बोलावयाचे, तर शब्दाने अर्थ कळण्याआधी काहीतरी सुचविले पाहिजे. ‘कृष्णविवर’ या शब्दाची व्याख्या ज्याला ठाऊक नाही, त्यालाही काळोखाचे तोंड उघडलेले दिसते. म्हणून तो शब्द रुजला. उलट ‘रोबो’ला प्रतिशब्द असूनही तो बोलण्यात राहिला आणि राहू द्यावा, त्याच्या पोटात कारेल चापेकच्या १९२० सालच्या नाटकातली वेठबिगार अजून जिवंत आहे. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे वेठ. काल्पनिक प्रदेशांच्या अद्भुतकथेत तर नावांवरच सारा भरवसा असतो. जे. आर. आर. टॉल्कीन याने १९३९ सालच्या आपल्या व्याख्यानात हिरव्या सूर्याचे उदाहरण दिले होते. ‘हिरवा सूर्य’ असे म्हणणे कोणालाही जमते. पण ज्या जगात तो सूर्य खरा वाटेल, ते जग उभारण्यास कष्ट आणि विचार लागतात. हिरव्या सूर्याखाली पिकलेला आंबा कोणत्या रंगाचा दिसतो, तेथील माणसे आजारी माणसाच्या चेहऱ्यावर काय पाहून घाबरतात, तेथील बायका लग्नात कोणत्या रंगाचे वस्त्र नेसतात, हे ज्याने ठरविले नाही, त्याने सूर्याला हात लावू नये.

कधी कधी तर नवे यंत्रही लागत नाही. जुनीच एक गोष्ट उलटी केली की पुरते. रुकय्या सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा १९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’ या मासिकात आली. तिच्यात पडदा आहे, पण त्याच्या आड पुरुष आहेत. बायका राज्य चालवितात, सूर्याची उष्णता साठवितात आणि तिच्याच झोताने शत्रूचे सैन्य पळवून लावतात. पुरुषांना घरात कोंडल्याने देशात गुन्हे उरलेले नाहीत! संतापून निबंध लिहिता आला असता. लेखिकेने एक सर्वनाम बदलावे तशी सामाजिक रीत बदलली आणि बाकीचे काम वाचकाच्या हसण्यावर सोपविले.

मराठीत हे भान ज्यांनी आणले, त्यांत जयंत नारळीकरांचे नाव प्रथम येते. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिला क्रमांक मिळाला, तेव्हा लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. आद्याक्षरे उलटी वाचली की नारळीकर सापडतात. केंब्रिजमध्ये कीर्ती मिळविलेल्या शास्त्रज्ञाला आपल्या नावाचे वजन तराजूत पडावयास नको होते. कथा कथा म्हणून उभी राहते की नाही, एवढेच त्यांना पाहावयाचे होते. २०२१ साली ते नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २० मे २०२५ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. या दोन टोकांमध्ये त्यांनी पुष्कळ लिहिले. त्यांतले काही व्याख्यानाच्या वळणावर गेले आहे, हेही प्रांजळपणे मान्य करावे. परंतु ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा त्या दोषापासून मुक्त आहे आणि ‘द ॲडव्हेंचर’ या इंग्रजी रूपात ती अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पाठ्यपुस्तकात आल्याने देशभरच्या मुलांनी वाचली आहे.

गंगाधरपंत हे इतिहासाचे अभ्यासक. एका अपघातानंतर ते अशा जगात जाऊन पडतात, जेथे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलेली नाही. ती कानाजवळून निघून गेली आहे. अशक्य गोष्ट एवढी एकच. तिच्यामागून मात्र सारा इतिहास कड बदलतो. मराठे जिंकले, ईस्ट इंडिया कंपनीचा पसारा आवरला गेला, आणि मुंबई तेवढी इंग्रजांकडे राहिली. हे सारे लेखक व्याख्यान देऊन सांगत नाही. पुण्याहून निघालेली गाडी नेहमीपेक्षा लवकर लोणावळ्याला पोचते. पुढे ‘सरहद्द’ नावाचे एक स्थानक येते आणि तेथे परवाने तपासले जातात. लोकलच्या डब्यावर चिमुकला युनियन जॅक रंगविलेला असतो. पुणेकर-मुंबईकर वाचकाच्या अंगावर काटा येतो तो या चिमुकल्या झेंड्याने. सरहद्द कोणत्या तहाने ठरली, हे त्या वेळी त्याला विचारावेसेही वाटत नाही.

आणि खर्चाची बाजू? पानिपत जिंकलेले जग पाहून कोणत्याही मराठी माणसाने मिरवणूक काढली असती. गंगाधरपंत मुंबईत उतरल्यावर मुलाच्या कचेरीत जातात. तेथे त्या नावाचा कोणी मनुष्य कामाला नाही, कधी नव्हताही. ज्या पराभवाची हळहळ महाराष्ट्राने अडीचशे वर्षांहून अधिक काळ केली, तो पुसून टाकलेल्या जगात एका बापाला आपला मुलगा सापडत नाही. लेखक यावर एकही उसासा टाकीत नाही. तो पंतांना ग्रंथालयात नेतो, बखर वाचावयास लावतो आणि संध्याकाळी आझाद मैदानावरील एका सभेत अध्यक्षाच्या रिकाम्या खुर्चीत नेऊन बसवितो. त्या जगातले लोक अध्यक्षीय भाषणांना कंटाळलेले आहेत. ते पंतांवर टोमॅटो फेकतात. हा विनोद आपल्या सभाप्रिय समाजाला वर्मी लागणारा, आणि त्याच विनोदाच्या गर्दीत पंत नाहीसे होतात, ते आपल्या जुन्या जगात जागे होण्यासाठी.

स्वप्न म्हणून ही कथा मोडीत काढता आली असती. वेल्ससमोरही १८९५ साली ‘द टाइम मशीन’ लिहिताना हाच पेच होता. भविष्यातून परतलेल्या प्रवाशाच्या गोष्टीवर जेवणाला जमलेले मित्र विश्वास ठेवीत नाहीत. तेव्हा तो खिशातून दोन कोमेजलेली पांढरी फुले काढून टेबलावर ठेवतो. दूरच्या काळातल्या वीना नावाच्या मुलीने ती त्याच्या खिशात घातलेली असतात. पाहुण्यांपैकी एकजण डॉक्टर असतो. तो फुले हातात घेऊन निरखतो आणि त्याला त्यांचा वर्ग ओळखता येत नाही.

गंगाधरपंतांच्या खिशात बखरीचे एक फाटलेले पान निघते. राजेंद्र देशपांडे हे त्यांचे शास्त्रज्ञ मित्र तोवर सारी हकिगत कौतुकाने ऐकत असतात, आजारी मित्राचे ऐकावे तशी. ते पान वाचतात. मग कपाटातली बखर काढून तेच पान शोधतात. दोन्हींतला मजकूर एकच, अक्षरही एकच. फरक काय तो गोळी लागली की कानाला चाटून गेली, एवढ्याचाच.